खिडकीचे ब्लाइंड आणि चिका घरी सजवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातल्या पाचही खिडक्यांवरचे पडदे घरीच शिवलेले किंवा रंगवलेले आहेत. एका खिडकीवर रोलर ब्लाइंड, दोनवर घड्यांचे रोमन ब्लाइंड, स्वयंपाकघरात मांजरपाटाचा साधा पडदा आणि गॅलरीत बांबूची चिक. घरी येणारी मंडळी चहा निवेपर्यंत त्यांच्याबद्दल विचारत बसतात. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

पहिल्यांदाच करतेय. सुरुवात कशावर करू?

तयार मिळणाऱ्या साध्या, एकरंगी रोलर ब्लाइंडवर. त्याला शिवण नाही, घड्या नाहीत, कापड ताणलेलं आणि सपाट असतं. नळीवरून उतरवून जेवणाच्या टेबलावर पसरला की कागदासारखं काम करता येतं. आडव्या पट्ट्यांच्या दुहेरी थराचे झेब्रा ब्लाइंड रंगवू नका, पट्ट्या सरकल्या की चित्र तुटतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर रंग टिकत नाही, तोही नाद सोडा.

मी पांढऱ्या रंगाने सुंदर चित्र काढलं, पण सकाळी ते काळं दिसतं! असं का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खरं तर बाकीची सगळी उत्तरं यातूनच निघतात. भिंतीवरच्या चित्रावर उजेड समोरून पडतो. खिडकीवरच्या चित्रावर दिवसा तो मागून येतो. पांढरा फॅब्रिक कलर दाट असतो, त्यातून उजेड आरपार जात नाही. त्यामुळे भोवतालचं कापड उजळतं आणि पांढरी आकृती सावलीसारखी काळी पडते. रात्री घरात दिवा लागला की तीच आकृती पुन्हा पांढरी होते.

माझ्या पहिल्या ब्लाइंडवर मी फिकट बदामी कापडावर पांढरे बगळे काढले होते. रात्री दहा वाजता काम संपलं तेव्हा ते अगदी शुभ्र दिसत होते. सकाळी साडेसातला पूर्वेचं ऊन आलं आणि सगळा थवा कावळ्यांचा झाला. पेन्सिलच्या खोडलेल्या रेघा दिसत होत्या, जिथे रंगाचा दुसरा हात दिला होता ती जागा डागासारखी दिसत होती, आणि खालच्या दुमडीत फेविकॉल जिथे जास्त झाला होता तिथे गडद ठिपके उमटले होते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, मागून उजेड अडवणाऱ्या ब्लॅकआउट कापडाचा ब्लाइंड घ्या किंवा मागे जाड अस्तर लावा. मग पांढरं पांढरंच राहतं. दुसरा, दाट रंगाऐवजी पारदर्शक रंग वापरा. फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर मऊ राहावा म्हणून त्यात मिसळायचं द्रव) घालून पातळ केलेला लाल, निळा, हिरवा रंग उन्हात आतून उजळल्यासारखा दिसतो. तिसरा मला सगळ्यात आवडतो : सावलीच मनात धरून चित्र काढा. झाडाची फांदी, त्यावरचे पक्षी, गवताची पाती. दिवसा काळ्या छटेत, रात्री रंगात, दोन्ही वेळा छान.

काहीही ठरवण्याआधी त्याच कापडाचा वीतभर तुकडा घ्या, त्यावर रंग लावा आणि वाळल्यावर तुमच्याच खिडकीच्या काचेला टेपने चिकटवा. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून पाहा. एक दिवस जातो, पण अख्खा ब्लाइंड वाचतो.

कापड कोणतं घ्यावं?

स्वतः शिवणार असाल तर मांजरपाट. स्वस्त असतो, रंग पितो, उजेड गाळून आत सोडतो. त्याला भरपूर खळ असते, ती काढल्याशिवाय रंग आत मुरत नाही. रात्रभर पाण्यात भिजवा, साबणाने धुवा, वाळवा आणि किंचित ओला असतानाच इस्त्री करा. पहिल्या धुण्यात तो आटतो, म्हणून आधी धुवायचं आणि मगच कापायचं. हा क्रम उलटा केला तर पडदा पहिल्या धुण्यानंतर खिडकीपेक्षा आखूड होतो.

जाडसर सुती कॅनव्हास रोमन ब्लाइंडला चांगला. पॉलिएस्टर सुरकुतत नाही, पण साधा फॅब्रिक कलर त्यावर नीट बसत नाही. खरेदी करताना पन्हा विचारा. खिडकीच्या रुंदीपेक्षा पन्हा कमी पडला तर मधे जोड द्यावा लागतो आणि तो जोड दिवसा काळ्या रेघेसारखा दिसतो.

माप कसं घ्यायचं?

स्टीलच्या टेपने. शिवणकामाची कापडी टेप ताणली जाते. ब्लाइंड चौकटीच्या आत बसवायचा असेल तर रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीनदा मोजा आणि सगळ्यात कमी येईल ती धरा. त्यातून एक सेंटीमीटर वजा करा. आपल्याकडच्या सरकत्या खिडक्यांमध्ये मात्र दोन काचा आणि मच्छरदाणीचा ट्रॅकच सगळी जागा खातो, आत ब्लाइंड बसायला खोली उरत नाही. अशा वेळी तो चौकटीच्या वर भिंतीवर लावा आणि दोन्ही बाजूंना पाच ते सात सेंटीमीटर जास्त ठेवा, नाहीतर कडेने ऊन येतं.

खिडकीच्या डोक्यावर बहुधा काँक्रीटचा लिंटेल असतो. साध्या ड्रिलने त्यात भोक पडत नाही, हॅमर ड्रिल लागतं. आत प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून मगच स्क्रू घाला.

रंग कोणते वापरावेत? हळदीसारखे घरगुती रंग चालतील का?

सुती कापडावर फॅब्रिक कलर, तयार रोलर ब्लाइंडवर फॅब्रिक मीडियम मिसळलेला अ‍ॅक्रिलिक. नुसता अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर कडक होतो आणि ब्लाइंड गुंडाळताना त्याला तडे जातात. थर पातळच ठेवा.

सुती कापडावरचं काम निदान एक दिवस वाळू द्या, मग उलट बाजूने, मधे पातळ फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवा. रंग पक्का होतो. तयार रोलर ब्लाइंडवर मात्र इस्त्री अजिबात लावू नका. त्याच्या पाठीवरचा लेप वितळतो आणि चिकटतो.

हळदीचा पिवळा रंग मोहात पाडतो, पण उन्हात तो सगळ्यात आधी उडतो. खिडकीसाठी हळद नकोच. नीळ आणि मंजिष्ठा हे जुने नैसर्गिक रंग त्या मानाने ऊन सोसतात. तरीही पश्चिमेच्या खिडकीवर कोणताही रंग थोडाफार विटणारच. तिथे मुळातच मातकट, फिकट छटा निवडल्या तर विटलेलं डोळ्यांना खुपत नाही.

मला चित्र काढता येत नाही. तरी जमेल?

नक्की जमेल. ठसे आणि छापे यांच्यासाठी चित्रकला लागत नाही. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल हातात येतं. कापलेली बाजू पाच मिनिटं फडक्यावर पालथी ठेवा, चीक आणि पाणी निघून जाऊ दे. मग सपाट ताटलीत फोमचा तुकडा ठेवून त्यावर रंग पसरा आणि भेंडी त्यावर टेकवा. थेट रंगात बुडवली तर फुलाच्या मधे गोळा होतो. दर दहा-बारा ठशांनंतर भेंडीची पातळ चकती कापून टाकायची, कड पुन्हा धारदार होते. खालच्या कडेला भेंडीच्या फुलांची एक ओळ, वर अर्ध्या कापलेल्या कांद्याच्या ठशांची एक ओळ, एवढ्यानेही पडदा भरल्यासारखा वाटतो. शाळकरी मुलं हे काम मन लावून करतात.

दुसरा मार्ग स्टेन्सिलचा. घरात जुनी एक्स-रे फिल्म असेल तर ती फेकू नका. कटरने तिच्यावर स्वच्छ आकार कापला जातो, फाटत नाही आणि पुसून पुन्हा वापरता येते. रांगोळीचे प्लॅस्टिकचे छापेही चालतात. स्पंजवर रंग घेतला की तो आधी जुन्या वर्तमानपत्रावर टिपा. स्पंज जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे. मग स्टेन्सिलवर उभा धरून हलके हलके टिपत जा, घासू नका. घासलं की रंग कडेखाली शिरतो.

वारली चित्र काढायचं आहे. काय लक्षात ठेवावं?

वारली चित्र गेरूने सारवलेल्या भिंतीवरचं. डहाणू, तलासरी, जव्हार या पालघर जिल्ह्यातल्या भागांत तांदळाचं पीठ पाण्यात आणि डिंकात कालवून, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करून वारली आदिवासी ते काढत आले आहेत. कापडावर तांदळाचं पीठ टिकत नाही, घडी पडली की झडतं, म्हणून पांढरा फॅब्रिक कलर घ्या. कापड गेरूच्या रंगाचं, जाड किंवा अस्तर लावलेलं हवं. वर सांगितलेली पांढऱ्याचं काळं होण्याची अडचण इथेच सगळ्यात जास्त येते.

माणसाचं शरीर म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वरचा मोठा, खालचा लहान. सगळी गंमत त्या दोन टोकांच्या जोडात आहे. तिथे वरचा त्रिकोण किंचित कलवला की माणूस चालायला, वाकायला, नाचायला लागतो. दोन्ही त्रिकोण सरळ रेषेत ठेवले की आकृती खांबासारखी ताठ उभी राहते. शून्य नंबरच्या ब्रशने आधी दोन त्रिकोण, मग डोकं, शेवटी हातपाय.

तारपा नाच, शेतातली कामं, झाडं, पाखरं, हे विषय खिडकीवर शोभतात. लग्नाचा चौक मात्र मी काढत नाही आणि तुम्हीही काढू नये असं मला मनापासून वाटतं. तो सवाशिणी लग्नाच्या वेळी काढतात, त्यात पालघट देवी बसते, त्याला विधीचं स्थान आहे. शोभेसाठी तो उचलणं बरं नाही. ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांची छायाचित्रं जरूर पाहा. माशांच्या जाळ्याची एकेक रेघ त्यांनी किती संयमाने काढली आहे ते पाहिल्यावर आपलाही हात सावकाश चालतो.

रोलर ब्लाइंडवर चित्र नेमकं कुठे काढावं?

खालच्या तिसऱ्या हिश्शात. ब्लाइंड दिवसातला बराच वेळ अर्धा वर असतो आणि तेव्हा फक्त खालचाच भाग दिसतो. वरचा भाग नळीवर गुंडाळलेला राहतो, तिथे रंग घासला जातो. टिकल्या, आरसे, मणी असं काहीही गुंडाळल्या जाणाऱ्या भागावर नको. एका मण्याने सगळी गुंडाळी तिरकी होते आणि ब्लाइंड एका बाजूला सरकत जाऊन कडेने फाटतो. हौस असेल तर तळाच्या पट्टीखाली गोंडे लावा. ते कधीच नळीवर जात नाहीत.

रोमन ब्लाइंड घरी शिवता येतो का?

साधी सरळ टीप घालता येत असेल तर येतो. हिशोब नीट करायचा, एवढंच. समजा उंची 132 सेंटीमीटर आहे. तळापासून 12 सेंटीमीटरवर पहिली बारीक पट्टी (घडी सरळ पडावी म्हणून कापडामागे आडवी घालतात ती), मग दर 24 सेंटीमीटरवर एक : म्हणजे 12, 36, 60, 84 आणि 108 वर. वर 24 उरतात. अशा पाच पट्ट्या झाल्या. तळाचा भाग निम्मा ठेवल्याने ब्लाइंड वर ओढला की घड्या एकावर एक नीट बसतात.

पट्ट्यांसाठीची नळीसारखी खोळ मुख्य कापडावर शिवू नका, अस्तरावर शिवा. पुढून टीप दिसत नाही. प्रत्येक पट्टीमागे प्लॅस्टिकची कडी टाका, दोन कड्यांमध्ये साधारण वीत-दीड वीत अंतर ठेवा, आणि कड्या उभ्या रेषेत एकाखाली एक आल्यात ना ते मोजपट्टी लावून तपासा; ब्लाइंड ओढायची दोरी त्यांतूनच जाते. एक कडी जरी बाजूला गेली तरी दोरी तिरकी ओढते. सजावट आखताना घडी कुठे पडणार ते आधी खडूने आखा. माणसाच्या चेहऱ्यावर घडी आली तर फार वाईट दिसतं. या प्रकाराला आडवे पट्टे, काठ, ओळीने उमटवलेले ठसे जास्त शोभतात.

आईची जुनी पैठणी कपाटात पडून आहे. तिचा ब्लाइंड करू?

नको, मी हात जोडून सांगते. रेशमाचा शत्रू ऊन. सतत उन्हात राहिलं की रेशमाचा धागा आतून जिरतो आणि एक दिवस हात लावताच कापड चिरतं. जरही काळवंडते. पैठणी नेसावी, नाहीतर सुती कापडात गुंडाळून ठेवावी.

खिडकीसाठी सुती कापड शोधा. जुनी सुती नऊवारी असेल तर सोनं. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड, दोन-तीन खिडक्या सहज होतात, आणि वर्षानुवर्षं धुतलेली असल्यामुळे ती आता आटत नाही. विरलेला भाग कोणता ते उजेडासमोर धरून बघा, तेवढा वगळा. काठ ब्लाइंडच्या खाली आणि दोन्ही बाजूंना आला की वेगळ्या सजावटीची गरजच उरत नाही.

खणाचं कापडही सुंदर दिसतं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे खण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चोळ्यांसाठी येत आले. पन्हा कमी असल्यामुळे अख्खा ब्लाइंड करण्यापेक्षा मांजरपाटाला खाली खणाची रुंद पट्टी लावा. आधी खणाचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. रंग सुटत असेल तर पहिल्याच धुण्यात मांजरपाट गुलाबी होईल.

गॅलरीतली बांबूची चिक रंगवता येते का?

येते, पण आधी तिची तब्येत बघा. चिकेखाली फरशीवर पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर बांबूला भुंगा लागलाय. अशी चिक रंगवण्यात अर्थ नाही. नवी घेणार असाल आणि जवळ बुरूडकाम करणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून मापाची करून घ्या. काड्या एकसारख्या असतात आणि दोरा तुटला तर पुन्हा बांधून मिळतो.

चिक जमिनीवर पसरून कोरड्या ब्रशने धूळ झाडा, मग बारीक पॉलिश पेपर काड्यांच्या लांबीच्या दिशेनेच फिरवा. मास्किंग टेपने पट्टे किंवा त्रिकोण आखा आणि अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात द्या. बांधणीच्या दोऱ्यावर रंग साचू देऊ नका, तो कडक होऊन गुंडाळताना तुटतो. शेवटी वॉर्निशचा एक हात. वॉर्निशऐवजी जवसाचं तेल लावत असाल तर एक काळजी फार गरजेची आहे : तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवा आणि मगच टाका.

घरात लहान मूल आहे. दोऱ्यांची भीती वाटते.

वाटायलाच हवी. लोंबणारी दोरी किंवा साखळीचा लूप लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकतो आणि फास बसायला फार वेळ लागत नाही. दोरी गुंडाळायची खुंटी जमिनीपासून किमान दीड मीटर उंचीवर लावा आणि दोरी प्रत्येक वेळी तिच्यावर गुंडाळा. साखळी असेल तर ती भिंतीला ताणून धरणारी पकड बसवा. खिडकीखाली पाळणा, पलंग, खुर्ची ठेवू नका. मुलांच्या खोलीसाठी मी दोरीचा ब्लाइंड करतच नाही. वर रॉड, त्यावर कापड, गुंडाळून दोन्ही बाजूंना कापडी बंदांनी बांधायचं. बंद आखूड ठेवा आणि वरच्याच बाजूला शिवा.

स्वयंपाकघराच्या खिडकीला काय लावावं?

ओट्याची खिडकी गॅसला लागून असेल तर काहीच लावू नका, निदान शेगडीच्या बाजूला कापड नको. खिडकी लांब असेल तर वरच्या अर्ध्या भागापुरता, महिन्याला धुता येईल असा साधा मांजरपाट पुरे. फोडणीचा तेलकट थर कितीही सुंदर काम झाकून टाकतो.

पावसाळ्यात बुरशी येते. काय करावं?

ओलसर ब्लाइंड कधीच गुंडाळून ठेवू नका, हे पहिलं. पावसाची झड आत आली असेल तर तो पूर्ण खाली सोडून पंखा लावा. मुंबईत, कोकणात जून ते सप्टेंबर रोज थोडा वेळ तरी ब्लाइंड उलगडलेला असावा. बुरशीचे ठिपके दिसलेच तर घरात झाडू नका, कण सगळीकडे उडतात. बाहेर नेऊन ब्रशने झाडा, उन्हात ठेवा आणि मग सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. नवा रंगवलेला ब्लाइंड पावसाळ्यात करणं मी टाळते. दमट हवेत वरून वाळलेला रंग आत ओला राहतो आणि गुंडाळल्यावर पाठीला चिकटतो. दिवाळीच्या आधीचे ऑक्टोबरचे कोरडे दिवस या कामाला उत्तम.

भाड्याचं घर आहे, भोक पाडता येत नाही.

चौकटीत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड घ्या आणि त्यावर हलका कापडी पडदा गुंडाळण्यासारखा करा. जड कॅनव्हास त्यावर टिकत नाही, घसरतो. परदेशात राहणाऱ्या माझ्या भाचीच्या घरी मालकाचे पांढरे ब्लाइंड होते आणि त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. तिने त्यांच्या पुढे, वरच्या बाजूला, खणाची झालर लावलेली फक्त वीतभर उंचीची मांजरपाटाची पट्टी रॉडवर सोडली. ब्लाइंड तसेच राहिले आणि खिडकी तिची झाली.

ब्लाइंड जुना झाला, कापड विटलं. सगळंच टाकायचं का?

नळी, ब्रॅकेट आणि साखळीची यंत्रणा कापडापेक्षा खूप जास्त टिकते. कापड नळीवर कसं चिकटवलंय आणि कोणत्या दिशेने गुंडाळलंय याचा मोबाइलवर फोटो काढा, जुनं कापड सोडवा आणि त्याच मापाने नवं कापा. काटकोन मात्र अगदी अचूक हवा. वरची कड दोन-तीन मिलिमीटरने तिरकी झाली तरी ब्लाइंड गुंडाळताना एका बाजूला जातो. तसं झालं तर ज्या बाजूला सरकतोय त्याच्या विरुद्ध टोकाला नळीवर टेपचा छोटा तुकडा लावून पाहा, आणि फरक पडेपर्यंत एकेक तुकडा वाढवत जा.